पेटीचा भाता



ज्या नभोवाणीवरून मी आज पेटीविषयीं बोलत आहें, तिनेंच १९४० सालच्या मार्चमध्यें पेटीला आपलें दार बंद केलें होतें. तें पुनः किलकिलें व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. तेव्हां आजचें हें भाषण म्हणजे हद्दपार झालेल्या माणसाच्या वतीनें त्याच कचेरींत उभें राहून बोलण्यासारखें आहे!

आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. पेटीचे बारा स्वर ठरीव. त्यांत मींड नाहीं, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाहीं. स्वतः रवींद्रनाथांनींहि या बंदीला पाठिंबा दिला होता. ही उणीव भरून काढण्यासाठीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नांवाचे इंग्रज न्यायाधीश यांनीं गेल्या शतकाच्या आरंभीं श्रुतींची पेटी सिद्ध केली. अलीकडे आमच्याच ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुति देणारी पेटी घडविली. तरी घरोघर, भजनांत व कीर्तनांत राहिली ती साधी पेटीच. ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे याच वाद्याचे वादक. मीं मात्र पुष्कळ वर्षें हा प्रश्न चुकीच्या टोकानें धरला होता.

मी खोपटांत राहतों, एस्. टी.च्या आगारापासून जवळच. आयुष्यभर प्राथमिक शाळेंत शिकविलें. शाळेंत विजेचा कीबोर्ड आला, तेव्हां जुनी पेटी अडगळींत ठेवावी असें सुचविणारा मीच. कीबोर्डाला भाता नाहीं, सूर उतरण्याची भीति नाहीं, दोन्ही हात मोकळे; शिवाय सनई, सतार, तबला सारें त्यांत भरलेलें. प्रार्थना दणदणीत होऊं लागली. त्या गजरांत दुसरीच्या वर्गांतला एक मुलगा गावयाचा थांबला आहे, हें माझ्या ध्यानांत यावयास सहा महिने लागले. जवळ घेऊन विचारलें, तेव्हां म्हणाला, “सर, पेटी होती तेव्हां मला माझा आवाज ऐकूं यायचा.”

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. पेटी वाजवितांना मूल अडखळलें, कीं माझा डावा हात आपोआप भाता हलका करी. मूल सांवरलें, कीं पुनः भरी. हें मीं कधीं ठरवून केलें नव्हतें, आणि म्हणूनच तें गेलेलें मला कळलें नाहीं. आमच्या कीबोर्डाचा आवाज एकदां कळ फिरवून ठरवावयाचा, कीं तो पन्नास मुलांना आणि एका मुलाला सारखाच. पेटींत वारा पितळेच्या जिभेला लागून निघतो व जीभ थरथरते. वारा जितका, तितका सूर. अकॉर्डियन हें तिचेंच गळ्यांत अडकविलेलें भावंड. त्याचें पेटंट व्हिएन्नांत डेमियन यानें १८२९ सालीं घेतलें, तर हार्मोनियम त्यानंतर पॅरिसमध्यें दबँ यानें केला. पुढें कलकत्त्यांत द्वारकानाथ घोष यांनीं पायभाता काढून मागें हातभाता बसविला, म्हणून ती आपल्या बैठकीवर मांडीशीं आली.

विजेच्या वाद्यांशीं माझें भांडण नाहीं. १९६९ च्या ‘आराधना’मधील ‘रूप तेरा मस्ताना’ या गाण्यांत अकॉर्डियन वाजविणारे मुंबईचे केर्सी लॉर्ड हेच हिंदी चित्रपटसंगीतांत सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या वादकांपैकीं होते. ज्याला दोन्ही वाजवितां येतात, त्यानें दोन्ही वाजवावीं. मला तेवढी अक्कल नव्हती.

अडगळींतून पेटी काढली, तों भात्याचें चामडें उंदरांनीं कुरतडलेलें. कारागिरानें ती माझ्यासमोरच उघडली. बेसूर झालेल्या जिभा त्यानें नाजूकपणें खरवडल्या: टोंकाशीं खरवडलें तर सूर चढतो, मुळाशीं खरवडलें तर उतरतो. इतकीं वर्षें पेटी वाजवून मला हें ठाऊक नव्हतें! नवा भाता बसला, प्रार्थनेला पेटी परत आली आणि तो मुलगा गाऊं लागला. बेसूरच, पण गाऊं लागला.

निवृत्त होतांना शाळेनें तीच पेटी मला दिली. आतां माझा डावा खांदा धरतो, म्हणून पट्ट्या मी दाबतों आणि भाता माझी नात हालविते. तिचें लक्ष खिडकीकडे गेलें, कीं सूर विझतो. मी थांबतों. ती जीभ चावते, भाता पुनः ओढते, आणि आम्ही जेथें सोडलें तेथूनच पुढें निघतों.