‘पहिल्यापासून’ म्हणजे कधीपासून?



पदवीदान समारंभात पाहुण्याने तुमच्या भविष्याबद्दल बोलायचं असतं. पण हे आपलं चितेगाव पडलं पैठणच्या रस्त्यावर, म्हणजे सातवाहनांच्या राजधानीच्या वाटेवर. म्हणून मी मागचंच बोलणार.

गौतमीपुत्र सातकर्णी हा सातवाहन घराण्यातला, आईचं नाव लावणारा राजा. त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नातवाच्या कारकिर्दीत नाशिकच्या लेण्यात लेख कोरवला. त्यात लेकाचं कौतुक आहे: शक, यवन, पल्हवांचा नाश केला, चार वर्णांचा संकर थांबवला. झाला नियम, तोही दगडावर! आता मुंबईजवळच्या कान्हेरीला जा. तिथल्या लेखात त्याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची लेक आहे. म्हणजे शकांचीच मुलगी. तो महाक्षत्रप रुद्रदामन, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रुद्रदामनाचा स्वतःचा लेख जुनागढला आहे. सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून सोडून दिलं, असं तो सांगतो. त्या लग्नात कोण रुसलं, कोणी मानपानावरून कुरकुर केली, ते मात्र कोणी कोरून ठेवलेलं नाही.

‘आपल्यात हे चालत नाही’ असं घरात कोणी म्हटलं की मला ही दोन लेणी आठवतात. नियम सांगणारे आणि सोयरीक जुळवणारे एकाच वाड्यात नांदत होते.

दुसरी गोष्ट महाडची. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे तुम्हाला पाठ आहे. पुढचा भाग सहसा परीक्षेला येत नाही. त्याच वर्षी विरोधक कोर्टात गेले. तळं आमचं, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादी काळापासूनची, असा त्यांचा दावा. खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: अशी अनादी वहिवाट सिद्धच झालेली नाही. सत्याग्रहाचं मोल कमी करायचं नाही मला. पण ‘पहिल्यापासून’ या शब्दाला कोर्टाने पुरावा मागितला आणि दावा तिथेच बसला, याची मला गंमत वाटते. 

म्हणून जुना नियम दिसला की मोडा, असं मी सांगत नाही. इतिहास उलटही शिकवतो. तुमच्यातले बरेच जण उद्या इथल्याच कंपन्यांत लागतील. आठवड्याची सुट्टी तुम्हाला कॅलेंडरच्या लाल आकड्याइतकी सहज वाटेल. मुंबईच्या गिरण्यांत ती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांना संघटित केलं, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९०च्या जूनमध्ये मालकांनी रविवार मान्य केला. ही सुट्टीही ‘पहिल्यापासून’ नाही. मिळवलेली आहे, म्हणून काढूनही घेता येते. नेमणुकीचं पत्र हाती आलं की पगाराचा आकडा पाहालच; खालची बारीक अक्षरंही वाचा, आणि कळलं नाही तर सही करण्याआधी विचारा.