उसातला बिबट्या आणि मेंदूतला हिशेब
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



दिवाळीत मी अकोले तालुक्यात, माहेरी आले होते. थ्री-फेजची पाळी रात्रीची. दादा अकरा वाजता उसाला पाणी धरायला निघाला, आणि तो परत येईपर्यंत वहिनी बॅटरी घेऊन दारात उभी. कारण बिबट्या. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी नोकरीत यंत्राला बक्षीस आणि दंड देऊन शिकवणारे प्रोग्राम लिहिते. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर गुण वाढवायचे, कमी मिळालं तर घटवायचे. 1997 साली वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की माकडाच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशीही असाच हिशेब करतात. दिवा लागला की फळाचा रस मिळतो हे एकदा कळलं, की त्या पेशी रसाला नाही, दिव्यालाच दाद देतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर गप्प बसतात. त्यांना गप्प करण्यात हॅबेन्युला नावाच्या इवल्याशा भागाचा हात असतो. भीतीची खूणगाठ बसते ती अमिग्डलात. गणिताच्या तासाआधी व्हरांड्यात छडी वाजली की आपल्या पोटात गोळा यायचा, तो तिथलाच. (सर हसताहेत, म्हणजे माफी मिळाली.)

हे प्रयोग बिबट्यावर झालेले नाहीत. पण सस्तन प्राण्यांत ही जोडणी बरीचशी सारखी असते, म्हणून अंदाज बांधते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आपल्याच अकोल्याच्या शिवारात कॅमेरे लावले. 2013 साली छापलेला आकडा असा: 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 मोठे बिबटे. विष्ठा तपासली, तर भक्ष्याच्या वजनात 39 टक्के कुत्री. शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच. का? शेळी रात्री गोठ्यात, माणसाजवळ. कुत्रं मोकळं. एका पारड्यात मांस, दुसऱ्यात माणसाची भीती. बिबट्या तोलून बघतो.

आपण म्हणतो, पकडा आणि लांब सोडा. मीही म्हणायचे. शेजारच्या जुन्नरला 2001 पासून तेच केलं. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते 17 वर गेले. मला वाटतं, अनोळखी मुलखात त्या जनावराचा जुना हिशेबच चुकतो. कुठलं कुत्रं मोकळं, कुठल्या वाटेनं माणसं जातात, काहीच ठाऊक नाही. वर पकडल्याची दहशत.

दादाला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "खरं हाये गं तुझं. पण लाइट दिवसा दे म्हणावं, मग मला रातच्याला त्याच्या हिशेबात जायलाच नको."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाडव्याला आम्ही गोठ्याला जाळीचं दार बसवलं, आणि कुत्र्याला रात्री पडवीत घ्यायला लागलो. वहिनी अजून बॅटरी घेऊन उभी राहते.