वही कोण तपासतं?

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राला व्याख्यानं ऐकायची गोडी आहे. ऐकून माणूस घरी जातो. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा कोणी घेत नाही. म्हणूनच व्याख्यानमाला पदव्या वाटत नाही. ऑनलाइन पदवीच्या जाहिरातींत मात्र सगळा थाट व्याख्यानाचाच असतो: चकचकीत स्टुडिओ, नामवंत प्राध्यापक, शेकडो तासांचे व्हिडिओ.

2011 साली सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोफत ऑनलाइन वर्ग काढला. सुमारे 1,60,000 जणांनी नावं घातली. शेवटपर्यंत टिकले 23,000च्या आसपास. शिकवणारे जगातले अव्वल, तरी ही गळती!

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची गोष्ट याहून बोलकी. जानेवारी 1971मध्ये तिचं शिकवणं सुरू झालं. लोकांच्या लक्षात राहिले ते बीबीसीवरचे पाठ. विद्यापीठ तगलं ते टपालानं येणाऱ्या स्वाध्यायांवर. ट्यूटर ते तपासायचे, शेरे लिहून परत धाडायचे, आणि त्यांच्या तपासणीवरही विद्यापीठाची नजर असायची. 2006च्या अखेरीस बीबीसीवरचे पाठ बंद झाले. विद्यापीठ चालूच आहे.

आपल्याकडे आयआयटी मद्रासनं 2020 साली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी काढली, तीही जेईईची अट न घालता. मग दर्जा राखायचा कसा? गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचारपद्धती आणि इंग्रजी यांचा चार आठवड्यांचा अभ्यास आधी करायचा, दर आठवड्याचे स्वाध्याय द्यायचे आणि मग पात्रता परीक्षेला बसायचं. ती परीक्षा घरच्या लॅपटॉपवर होत नाही. केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. दार उघडं, पण उंबरठा उंच. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचंही तसंच: व्हिडिओ कोणीही फुकट पाहावेत, प्रमाणपत्रातले 75 टक्के गुण मात्र केंद्रावरच्या परीक्षेचे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020च्या नियमावलीनं ऑनलाइन पदवीसाठी विद्यापीठाला नॅक या मूल्यांकन संस्थेचे 4 पैकी किमान 3.26 गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या पहिल्या शंभरात स्थान अशी अट घातली. चाळणी म्हणून ती ठीकच. पण नॅकची समिती इमारती, ग्रंथालयं, प्रयोगशाळा बघून जायची, आणि ऑनलाइन विद्यार्थी त्या कॅम्पसात बहुधा पाऊलही टाकत नाही! त्याला भेटतो तो ट्यूटर, नाहीतर कोणीच नाही. शिकवणं एड-टेक कंपनीवर सोपवून विद्यापीठानं नुसता शिक्का मारावा, या फ्रँचायझीला आयोगानं मनाई केली आहे, ती याचसाठी महत्त्वाची.

तेव्हा घरातल्या कुणाला प्रवेश घ्यायचा असेल, तर आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते आधी बघा. मग प्रवेशासाठी फोन करणाऱ्या समुपदेशकाला विचारा: स्वाध्याय कोण तपासतं, किती दिवसांत परत येतो, परीक्षा कुठे होते? हप्त्यांची माहिती तो न विचारताही देईल.