कारखान्याला जाण्याआधी



आज पाटीवर काही गिरवायचे नाही. आज नुसते बोलायचे. गणपती उठले, पितरपाठ चालू आहे. दसरा झाला की मुकादमाचे ट्रक वस्तीवर येतील, आणि तुम्ही भांडीकुंडी, शेरडं-कोंबड्या घेऊन कारखान्याला जाल. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. ते पाडव्याच्या सुमाराला परत. या वर्गातल्या सात घरी मूल दहावीला, अकरावीला किंवा बारावीला आहे. आम्ही काल मोजले. म्हणून हे बोलणे.

तुम्ही म्हणता, "गुरुजी, आम्हांला काय कळतंय कॉलेजातलं? पोरगं शिकलंय, त्याचं ते बघंल."

आमचे वडीलही असेच म्हणत. आम्ही १९७६ साली दहावी पास झालो. घरात त्याला मॅट्रिकच म्हणत. मार्क बरे होते. वडील आमच्याबरोबर बीडला आले. कॉलेजच्या फाटकापर्यंत आले आणि बाहेर लिंबाखाली बसले. "धोतर मळलंय, तू जा आत," म्हणाले. आम्ही सोळा वर्षांचे. खिडकीपाशी गेलो, काय विचारावे ते सुचेना, तसेच परत आलो. पुढे डी.एड. केले, मास्तर झालो, हेडमास्तर झालो. त्याची खंत नाही. पण लिंबाखाली बसलेले वडील अजून डोळ्यांपुढे येतात. त्यांनी आत येऊन शेजारी नुसते उभे राहायला हवे होते. वाचता येत नव्हते, तरी उभे राहता येत होते.

तुम्हांला तर आता वाचताही येते.

आधी मुलाला विचारा. मूल काय म्हणते ते पुरते ऐका. जेवण झाल्यावर, मोबाईल बाजूला ठेवून विचारा, "बाळा, तुला काय शिकावंसं वाटतंय? कशात जीव रमतो?" आमच्याकडे असे विचारायची रीत नाही. आम्ही एकदम सांगतो, "तुला डॉक्टर व्हायचंय."

आमच्याच शाळेतून गेलेला एक पोरगा. बापाने शेजाऱ्याचे पाहिले आणि डॉक्टरीच्या परीक्षेच्या तयारीला पोराला लातूरला ठेवले. क्लासच्या फीसाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली. उचल कशी असते हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! एका हंगामात फिटली नाही. बाकी पुढच्या सालावर गेली, पुढच्याची त्याच्या पुढच्या. पोराला जीवशास्त्राचा कंटाळा. त्याला मोटार उघडून बसवायचा नाद. दोन वर्षे गेल्यावर तो बोलला. बाप म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?" पोरगा म्हणाला, "तुम्ही इचारलंच नाही, आबा."

लातूरला जाऊ नका असे आम्ही म्हणत नाही. तिथून आपल्या भागातली पुष्कळ मुले डॉक्टर झाली. पण उचल घेण्याआधी विचारा. आणि वाटा काही एक-दोनच नाहीत. दहावीनंतर आय.टी.आय. आहे, तिथे वर्षा-दोन वर्षांत हाताला काम शिकता येते. पॉलिटेक्निक आहे, तीन वर्षांचे. ते झाले की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बारावीनंतर नर्सिंग आहे, औषधनिर्माण आहे, शेतकीची पदवी आहे. साधे बी.ए., बी.कॉम. करून स्पर्धा परीक्षा देणारेही आहेत. कोणती वाट कुणाची, हे मुलाशी बोलूनच कळते.

आता कागदांचे. यावर जरा जास्त बोलणार आहोत, कारण यात चूक आमची स्वतःची झालेली आहे.

वस्तीवरची एक मुलगी. बारावी विज्ञानाला होती. हुशार. तिला औषधनिर्माणाला जायचे होते. दसऱ्याच्या आधी तिचे वडील आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, ते पडताळणीच्या कागदाचं काय करायचं?" आम्ही म्हणालो, "परीक्षा तर होऊ द्या. वेळ आहे अजून." ते कारखान्याला गेले. मुलगी आजीपाशी राहून शिकली, मार्क चांगले पडले. आरक्षणातून तिला जागाही लागली. पण जातपडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत आले नाही. अर्जच उशिरा गेलेला. जागा गेली. खुल्या गटातून घ्यायची तर पूर्ण फी. वडील फीचा आकडा ऐकून खाली बसले.

पुढच्या वर्षी ती नर्सिंगला गेली. आज दवाखान्यात नोकरीला आहे, आमचे ब्लडप्रेशर तीच तपासते. तिने कधी शब्द काढला नाही. आम्हीच मान खाली घालतो.

तर ऐका. जातीचा दाखला निराळा आणि जातपडताळणी निराळी. दाखला प्रांतसाहेबांच्या कचेरीतून मिळतो. तो खरा की खोटा हे तपासून जिल्ह्याची पडताळणी समिती दुसरे प्रमाणपत्र देते. त्याला महिने लागतात. म्हणून विज्ञानाला असलेल्या मुलाचा अर्ज अकरावीतच गेला पाहिजे. बारावीची वाट पाहू नका. अर्ज ऑनलाइन भरतात आणि त्याला कॉलेजचे पत्र जोडतात.

या अर्जाला जुना पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. या तारखा वहीत लिहून घ्या. आता कुणी म्हणेल, "माझा आजा शाळेतच गेला नाही, दाखला कुठून आणू?" खरे आहे. पण बापाकडच्या नात्यात कुणीतरी गेलेला असतो. चुलत आजा पाहा, चुलता पाहा, बापाची आत्या पाहा. जनरल रजिस्टरचा उतारा शाळेतून मिळतो. जुन्या शाळांच्या कपाटांत अशी रजिस्टरे आहेत. वाळवी लागली आहे, पण आहेत. शाळेत नाही सापडले तर तहसिलात जन्ममृत्यूची जुनी कोतवाल नोंद शोधा. आईकडच्या नातलगांचा पुरावा मात्र चालत नाही.

आणखी एक खोच. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे पुष्कळांचे असते. एका वेलांटीवरून अर्ज परत येतो. आज घरी जाऊन दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. हे काम आता तुमचे तुम्हांला येते. त्यासाठीच तर आपण अक्षरे शिकलो.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर हेही लागतात. नॉन-क्रिमीलेअरवर मुदत लिहिलेली असते, ती ३१ मार्चला संपते. प्रवेशाच्या वेळी ती चालू आहे ना, एवढे पाहा.

आता मोबाईलचे. हसू नका. फॉर्म भरताना एक नंबर द्यावा लागतो, आणि पुढे सगळे निरोप, ते आकड्यांचे ओटीपी, त्याच नंबरावर येतात. वडिलांचा नंबर दिला आणि वडील कर्नाटकात उसाच्या फडात, बॅटरी उतरलेली, तर मुलगा इकडे खोळंबतो. काही ठिकाणी दुकानवाला आपलाच नंबर टाकतो. मग मूल त्याच्या दारात हेलपाटे घालत बसते. जो फोन मुलापाशी गावात राहणार, त्याचाच नंबर द्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. दुकानवाल्यालाच तेवढा माहीत, असे नको.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेशही साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. त्यात कॉलेजांची नावे पसंतीच्या क्रमाने टाकायची असतात. पहिल्या नंबरवर टाकलेले कॉलेज लागले तर ते घ्यावेच लागते. नाही घेतले तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जाते. तेव्हा मित्राने टाकले म्हणून लांबच्या शहराचे कॉलेज पहिले टाकू नका. तिथे राहायचे कुठे, हा प्रश्न आधी सोडवा.

राहण्यावरून पैशावर येऊ. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे फी लिहा. उजवीकडे खोली, मेस, एस.टी., पुस्तके लिहा. पुष्कळ जण डावीकडचेच पाहतात आणि उजवीकडच्या खर्चाने बुडतात. डाव्या बाजूला सरकारची बरीच मदत आहे. इतर मागास, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची, घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून शासन पूर्ण भरते. पण प्रवेश सरकारी फेरीतून झाला पाहिजे. देणगी देऊन मागल्या दाराने घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. उजव्या बाजूसाठी समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना शासनाने २०२१ साली काढली. तिची चौकशी समाजकल्याणच्या कचेरीत जाऊन करा. कुणाच्या ऐकीव सांगण्यावर राहू नका. आमच्याही नाही.

हे पान मुलाला दाखवा. पैशाची गोष्ट पोरांपासून लपवू नये, असे आमचे मत आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला उचल म्हणजे काय ते कळते. त्याला आकडा कळला तर तो धास्तावतो असे तुम्हांला वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. आकडा न कळलेली मुले जास्त धास्तावतात.

आणि मुलींविषयी एक. "कारखान्याला जायचं, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं?" म्हणून बारावी होण्याआधीच लग्न उरकतात. तुमची काळजी खोटी नाही, आम्ही ती खोटी म्हणणार नाही. पण अठरा वर्षे पुरी होण्याआधीचे लग्न हा गुन्हा आहे, आणि वसतिगृह हा तुमच्या काळजीवरचा खरा उपाय आहे. अर्ज करा. नाही मिळाले तर पुन्हा करा. आम्ही बरोबर येतो.

ट्रक येण्याआधी आपल्याला तीन रविवार मिळतात. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या ओट्यावर या. मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा. आधार, शाळेचा दाखला, रेशन कार्ड आणि घरातल्या जुन्या पेटीत जे कागद असतील ते सगळे आणा, फाटके असले तरी. झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने आणावेत, आमची पेन्शन तेवढी नाही. त्यानंतरच्या सोमवारी आम्ही तहसिलात जाणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी यावे. कपडे मळलेले असले तरी चालतील.