एक कोयता म्हणजे किती माणसं?



मी पुण्यात नेमकं काय करतो, असं सकाळपासून चौघांनी विचारलं. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर धारुरात कुणी सोडत नाही, म्हणून सांगतो.

गिऱ्हाइकाला काय हवंय ते समजून घ्यायचं आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कळेल असं मांडायचं, हे माझं काम. ते पानंच्या पानं लिहून सांगता येतं. पण एकाच शब्दाचे दोघं दोन अर्थ लावतात. त्यावर उपाय म्हणजे डेटा मॉडेल. ज्यांची नोंद ठेवायची त्यांच्या चौकटी काढायच्या, त्या रेषांनी जोडायच्या आणि प्रत्येक रेषेवर विचारायचं, एकाला किती? ही आकृतीची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली. आपल्या तलाठ्याच्या दप्तरातही तोच विचार आहे. सातबारा गटाचा, त्यावर खातेदार अनेक. आठ-अ खातेदाराचा, त्यावर गट अनेक. (भावकीची भांडणं मात्र कुठल्याच नमुन्यात बसत नाहीत.)

मला हे खरं उमगलं ते एका साखर कारखान्याच्या ऊसतोडणीच्या हिशोबात. शेतकी विभागाचे साहेब सांगत होते : कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, आणि मुकादम गावातून कोयते आणतो. उचल कोयत्यामागे. आमच्या टीममधली मुलं बंगळूर-कोलकात्याची. त्यांनी चौकट काढली, 'कोयता'. खाली रकाने : नाव, मोबाईल, बँक खातं. म्हणजे एक कोयता, एक माणूस.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची गावं कशी रिकामी होतात ते आपण पाहिलंय. आपल्या बाकांवरची काही मुलंही आईबापामागं फडावर जायची आणि पाडव्याच्या आसपास परतायची. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एकटा असेल तर अर्धा कोयता, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मी फळ्यावर दुसरी चौकट काढली, 'व्यक्ती', आणि रेषेवर लिहिलं : एका कोयत्यात एक किंवा दोन. मग प्रश्नांची रांगच लागली. उचल घेताना अंगठा कुणाचा? खाडा झाला तर कुणाच्या नावावर? बाई बाळंतपणाला गावी गेली तर कोयता अर्धा होतो का, आणि कोणत्या तारखेपासून? डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढताना ती पडली, तर विमा कुणाचा?

"आमचा हिशोब वाहतूकदाराशी," साहेब म्हणाले. काट्यावरच्या टनांपुरतं ते खरंही होतं. पण त्यांनाच विम्यासाठी कामगारांची यादी हवी होती. त्यांनी मदतनीसाला विचारलं, "टोळीत बाया किती?" तो म्हणाला, "कोयते असतील तितक्या, थोड्या कमी." नावं कुणाकडेच नव्हती.

एवढ्या बैठका झाल्या होत्या, पण हा प्रश्न त्या दोन चौकटींमधल्या रेषेनं काढला. शेवटी व्यक्तीची चौकट राहिली आणि बायकांची नावं यादीत आली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवक जी नोंदणी करतात तीही माणसाचीच, कोयत्याची नाही; तिच्याशी ही यादी जुळवता येते. पैसे मात्र अजून मुकादमाच्याच हातून जातात. चौकट काढून ते बदललेलं नाही, हेही सांगायला हवं.

जाता जाता संयोजकांना एक विनंती. आजच्या यादीत मुलींची नावं काही माहेरची, काही सासरची आहेत. एक मैत्रीण दोनदा आली आहे आणि दोघीतिघी सापडतच नाहीत. नावाचे दोन रकाने करू : हजेरीपटावरचं आणि आताचं. स्मरणिका छापायला जाण्याआधी मैत्रिणींनी दोन्ही नावं लिहून द्यावीत. जेवणाच्या वेळी मी वही घेऊन ऑफिसच्या व्हरांड्यात बसतो.