पुनवेचा साबण



पुढे सरकून बसा. माझा हा डावा हात बघा. मनगटापाशी डाग दिसतो ना? मी केलेल्या पहिल्या साबणाची ती खूण आहे.

आमच्या वाडीत एक आत्याबाई होत्या. त्या म्हणायच्या, "साबण पुनवेला करावा. चंद्राबरोबर फेस वाढतो. अवसेला केलास तर वडी पाणचट होते." मला ते पटले. बांबू अंधाऱ्या पाखात तोडला तर किडत नाही, असे जुनी माणसे सांगतातच. मग साबणालाही तिथी असेल!

पुनव आली. घरातली कामे आटपेपर्यंत रात्र झाली. तिथी संपेल म्हणून मी घाई केली. कॉस्टिक सोडा तोललाच नाही, वाटीने घेतला. त्यावर भसकन पाणी ओतले. ते उसळले आणि हातावर आले. हात भाजून निघाला.

पुढे मी नीट शिकले. मग एकदा मुद्दाम दोन घाणे घातले. तेल तेच, सोडा तेवढाच, पाणी तेवढेच. एक मार्गशीर्षातल्या पुनवेला, दुसरा त्याच महिन्याच्या अवसेला. दोन्ही वड्या सुकल्यावर न्हाणीत ठेवल्या. कोणती पुनवेची आणि कोणती अवसेची, हे घरात कोणालाच ओळखता आले नाही. फेस सारखाच.

मग आत्याबाईंच्या वडीला पाणी का सुटायचे? साबण होताना त्यात ग्लिसरीन तयार होते. ते हवेतला ओलावा ओढून घेते. आषाढात दिव्याची अवस येते, तेव्हा हवा कशी दमट असते! त्या हवेत वडीला घाम सुटणारच. श्रावणातल्या पुनवेला केली तरी सुटेल. दोष पावसाळी हवेचा, आळ आला अवसेवर.

आता करायचे कसे, ते ऐका. खोबरेल ८०० ग्रॅम, कडुनिंबाचे तेल २०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १६० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. सगळे काट्यावर तोलायचे, पाणीसुद्धा. खायचा सोडा चालत नाही. धुण्याचा सोडाही चालत नाही. पुडीवरचे नाव स्वतः वाचून घ्या. तेल बदलले तर सोड्याचे वजनही बदलते, म्हणून मनाने फेरफार करू नका.

भांडे स्टीलचे घ्या. अल्युमिनियमचे मुळीच नको, सोडा ते खातो. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. पोरे-बाळे लांब. उघड्यावर बसा, कारण वाफ घशाला लागते. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. माझ्यासारखे उलटे करू नका! पाणी चुलीवर ठेवल्यासारखे तापते. ते कोमट होऊ द्या. मग कोमट तेलात हळूहळू ओता आणि ढवळत राहा. अर्धा तास लागेल, कधी तासही लागतो. ढवळल्याची रेघ वर दिसू लागली की झाले. आता वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची दोन चमचे पूड घाला. ओला पाला वाटून घालू नका, तो नासतो. कडुनिंबाच्या तेलाला वास उग्र येतो, त्याला इलाज नाही. मला तर आता तो आवडतो!

कागद लावलेल्या लाकडी खोक्यात ओता. दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापा. सोडा अंगावर उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा. डोळ्यात गेला तर निदान पंधरा-वीस मिनिटे पाणी मारा आणि दवाखाना गाठा. लिंबू किंवा व्हिनेगर लावत बसू नका.

एक भाऊ विचारतात, "म्हणजे चंद्राचा काहीच उपयोग नाही का?"

आहे ना! वड्या चार आठवडे वाऱ्यावर, सावलीत सुकवायच्या. तेवढ्यात पाणी उडते, वडी कठीण होते, अंगालाही सौम्य लागते. एका पुनवेपासून दुसऱ्या पुनवेपर्यंत साडेएकोणतीस दिवस भरतात. म्हणजे पुनवेला केलेला साबण पुढच्या पुनवेला काढायचा. आत्याबाईही महिनाभर थांबत. त्यांची वडी अंगाला झोंबत नसे, ती त्यामुळेच. दिवाळीत चतुर्दशीला पहाटे उटणे लावून न्हायचे, तेव्हा ताजी वडी हवी ना? मग भाद्रपदातल्या पुनवेलाच करून ठेवा. पाऊस रेंगाळला तर वड्या घरात कोरड्या जागी ठेवा.

पण नुसते लक्षात ठेवू नका. आता लिहिता येते ना? चिठ्ठीवर तारीख, तिथी आणि सोड्याचे वजन लिहा. ती खोक्यालाच चिकटवा. पुढच्या घाण्याला ती कामी येते.

आज शुद्ध पंचमी आहे. पुढच्या शुद्ध पंचमीला याच वड्या हातात घेऊन बघू. चला, मोजे घाला, चष्मे लावा. पाणी मी तोलते. सोड्याचा आकडा तुम्ही वाचा, मोठ्याने.