पाटीआधी कान



मुलांच्या अक्षरओळखीविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी शिक्षणशास्त्रातली पंडिता नव्हे. चूक करून शहाणी झालेली एक आजी आहे.

नातू चार वर्षांचा होताच मी त्याला ‘अ’ गिरवायला बसवले. अक्षर वाकडे आले की पुसायला लावी. आठवड्याच्या आत त्याने पाटी धान्याच्या कोठीमागे दडवली! आधी मला राग आला, मग लाज वाटली. माझी आई निजामी राजवटीत वाढली. तिला शाळा मिळाली नाही. पोथीवर बोट फिरवीत तिने मराठी अक्षरे हौसेने उचलली. त्याच अक्षरांची मी नातवाला भीती घातली होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम आरंभले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तिथली साधने. मुलाला ओढू नये, आपण त्याच्याकडे जावे, हा धडा मी त्यातून घेतला.

मग मी पाटी बाजूला ठेवली. आधी कान तयार केला. स्वयंपाकघरात ‘म’ने सुरू होणारे काय काय? मीठ, मिरची, मोहरी, मेथी! मटाराच्या शेंगा सोलून आणि कणकेचे गोळे करून बोटांत बळ आणले. त्यानंतर ताटात ज्वारीचे पीठ पसरून त्यात बोटाने अक्षरे काढली. आपली वर्णमाला कंठ, तालू, ओठ अशा उच्चारस्थानांनी लावलेली आहे. ती रचना सुंदर खरी, पण लहान हाताला सोपी नाही. म्हणून ‘अ’ऐवजी ‘ग म भ न’पासून आरंभ केला. या चौघांचा उभा काना एकसारखा; थोडा फेरफार केला की नवे अक्षर तयार. चार अक्षरांत ‘मन’, ‘मग’, ‘नग’ असे शब्द जुळू लागतात, आणि वाचता येते म्हटल्यावर मूल स्वतःच पुढचे अक्षर मागते.

परवा गुलमंडीतून जाताना तो एकाएकी थांबला आणि दुकानावर बोट दाखवून ओरडला, “आजी, तो बघ माझा ‘म’!” घरातली पाटी लपवणारा पोर आता बाजारातल्या पाट्या वाचू पाहतो आहे.

भगिनींनो, शेजारचे मूल आपल्या मुलाआधी लिहू लागले, म्हणून घाई करू नका. अक्षर महिनाभर उशिरा आले तर काही बिघडत नाही. त्याची धास्ती बसली तर मात्र ती लवकर जात नाही.